सरांचा आवाज सरांकडेच राहू द्या

पत्र: "मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात दोन वर्षांपासून आठवी-नववीला गणित शिकवते. माझ्या जागेवर आधी जे सर होते त्यांना सगळा गाव ओळखतो. जत्रेच्या नाटकात राजा तेच होतात. वर्गातही तसेच असायचे म्हणे. सूत्र सांगितलं तरी मुलं टाळ्या वाजवायची. मी पहिल्यापासून अबोल. आवाज बारीक, विनोद जमत नाही. हेडमास्तर माणूस चांगला आहे, पण दोनदा म्हणाले, 'टीचर, जरा खुला. वर्गात जीव दिसत नाही.' म्हणून यंदा जूनमध्ये ठरवून सरांसारखं करून बघितलं. मोठ्याने बोलले, हातवारे केले, घरून विनोद पाठ करून गेले. तिसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, 'टीचर, आयज तुमकां बरें ना?' आठवड्यात घसा बसला आणि मी ते सोडून दिलं. मागच्या दोन बाकांवरचे पाच-सहा मुलगे तासभर दुसरंच काहीतरी करत असतात. मी तिकडे बघत नाही, कारण बघितलं तर काहीतरी बोलावं लागेल. एखादं मूल वही घेऊन टेबलापाशी आलं की मात्र मला वेळेचं भान राहत नाही. घरी आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटत नाही. सासूबाईंना वाटतं मी रागावले आहे. नवरा म्हणतो, एवढा त्रास होतो तर कारकुनाच्या परीक्षेला बस. चवथीच्या सुटीनंतर हेडमास्तर माझ्या तासाला बसणार आहेत. माझा स्वभावच या पेशाला चालणारा नाही का?" (एक टीचर, डिचोली)

प्रिय टीचर,

या कारणासाठी कारकुनाच्या परीक्षेला बसू नका. मूल वही घेऊन टेबलापाशी आलं की वेळेचं भान राहत नाही, हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. ज्याला मुलांच्या वहीत रस नाही त्याने पेशा बदलावा. तुमचं तसं नाही.

आणि त्या मुलीचा प्रश्न. तो तुम्हाला लागला असणार. मला मात्र त्यात दिसतं ते असं की, दोन वर्षांत मुलांनी तुम्हाला चांगलं ओळखलं आहे. टीचर वर्गात कशा येतात, फळ्यावर कशा लिहितात, कुणाचं चुकलं तर कशा थांबतात, हे त्यांना पाठ आहे. तुम्ही एकदम हातवारे करायला लागलात तेव्हा त्या मुलीला पहिली शंका आली ती तुमच्या तब्येतीची. तिला काळजी वाटली. जिच्याबद्दल मुलांना काहीच वाटत नाही, तिची तब्येत कोणी विचारत नाही.

स्वभाव वर्गात येतोच. प्रश्न विचारून आपण किती थांबतो, चुकीच्या उत्तरावर आपला चेहरा कसा होतो, वह्या कधी परत देतो, फळा कसा भरतो, या सगळ्यात तो असतो. उतावळ्या माणसाच्या फळ्यावर उत्तर आधी येतं आणि कृती मागून. भिडस्त माणूस वर्गाकडे पाठ करून जास्त वेळ लिहीत राहतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी उमेदीची वर्षं घालवली. तिथे एकच पाठटाचण हातात घेऊन दहा जण उभे राहिले की दहा निराळे पाठ व्हायचे. तेव्हा स्वभाव बदलू का, हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या स्वभावातलं काय मुलांच्या उपयोगी पडतंय आणि काय त्यांना महाग पडतंय, एवढंच शोधायचं आहे. तुमच्या पत्रात दोन्ही आहे.

आधी सरांचं बोलूया, कारण ते तुमच्या मनात फार मोठे होऊन बसले आहेत.

जत्रेचं नाटक म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. मध्यरात्र उलटलेली, पुढे जमिनीवर पेंगणारी पोरं, पलीकडे खाज्यांच्या दुकानांपाशी गलका, आणि त्यात राजाने प्रवेश करून सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळवायच्या. हे वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाला समोरच्यांचं लक्ष कधी सुटलं ते अंगात कळतं. कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, कुठला शब्द हळू म्हणायचा, हे त्याला शिकवावं लागत नाही. तुम्ही घेतलेत ते त्यांचे हातवारे आणि विनोद, म्हणजे वरून दिसणारा भाग. आतलं काम त्या समोरच्याकडे लागलेल्या लक्षाचं होतं. ते तुम्हालाही जमण्यासारखं आहे, आणि त्याला मोठा आवाज लागत नाही.

सर तालुक्यातच असतील तर एकदा त्यांच्या घरी जा. कसं शिकवायचं असं विचारू नका, ते परत करून दाखवतील. त्याऐवजी विचारा, "सर, मुलांना समीकरण कळलेलं नाही हे तुम्हाला कशावरून कळायचं?" चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचं उत्तर देताना फार आनंद होतो, आणि त्या उत्तरात तुम्हाला उचलून नेण्यासारखं पुष्कळ मिळेल.

वर्गातला "जीव" म्हणजे काय, याबद्दलही बोलायला हवं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग झाला. एका नटाला "डॉ. फॉक्स" नावाचा मोठा तज्ज्ञ म्हणून उभं केलं आणि डॉक्टर-शिक्षकांच्या जाणत्या श्रोत्यांपुढे व्याख्यान द्यायला लावलं. भाषणात अर्थ असा जवळजवळ नव्हताच. एकमेकांना खोडणारी विधानं, गोल गोल वाक्यं. पण नट उत्साही होता, हसवत होता. श्रोत्यांनी त्याला उत्तम शेरे दिले. १९७३ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा शिक्षणक्षेत्रात बरीच खळबळ झाली. सरांना मी त्या नटाच्या रांगेत बसवत नाही, त्यांचं गणित पक्कं असणारच. पण ऐकणारा खूश झाला म्हणजे तो शिकला, असं धरून चालता येत नाही, एवढं त्या प्रयोगाने दाखवलं. तसंच, वर्गातून हसण्याचा आवाज व्हरांड्यात येत नाही म्हणून आत कोणी शिकत नाही, असंही नव्हे.

तुम्हाला नुसता धीर देऊन मला थांबायचं नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. शिक्षकांचे स्वभाव आणि त्यांचं काम यांवरचे २५ अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोलक्या, मोकळ्या स्वभावाचा संबंध शिकवण्याच्या चांगल्या मूल्यमापनाशी तीत दिसला. म्हणजे हेडमास्तरांना जे वाटतं ते अगदीच निराधार नाही. पण तसाच संबंध कामातल्या नेटकेपणाचा दिसला, मनाच्या स्थिरपणाचा दिसला आणि नवं शिकण्याच्या ओढीचाही. चार वाटांपैकी एक तुम्हाला अवघड आहे. बाकीच्या तिन्हींवर तुम्ही कुठे आहात, ते कागदावर लिहून बघा. पत्रावरून मला वाटतं, बऱ्याच पुढे असाल. आणखी एक गोष्ट त्या पाहणीत होती: बोलक्या स्वभावाचे शिक्षक कामाने करपून जाण्याचं प्रमाण कमी होतं. तुमच्यासारखीने स्वतःच्या थकव्याकडे लक्ष द्यायला हवं, ते यासाठी. त्याकडे पुढे येते.

आता तुमच्या गप्प राहण्याबद्दल.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने शाळांमधले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ते दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली, आणि मुलं एकमेकांच्या उत्तरांवरही बोलू लागली. १९७४ साली तिने हे मांडलं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गासमोर उभं राहून शांततेत ते काढणं बोलक्या शिक्षकाला फार जड जातं. तोंड उघडल्यावाचून त्याला राहवत नाही. तुम्हाला ते आपसूक येतं. पण बहुतेक तुम्ही ते संकोच म्हणून करत असाल, आणि मुलांना त्यातला संकोच कळत असेल. ते ठरवून करा. प्रश्न विचारा, वर्गभर नजर फिरवा, पहिला हात वर झाला तरी लगेच नाव घेऊ नका. चेहरा मोकळा ठेवा, म्हणजे मुलांना कळेल की टीचर अडलेल्या नाहीत, आपल्याला विचार करायला वेळ देत आहेत.

आपल्या गोव्यात या थांबण्याची गरज दुप्पट आहे, असं माझं ठाम मत आहे. आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीपासून गणित एकदम इंग्रजीत येतं. तुमच्या वर्गातलं मूल प्रश्न इंग्रजीत ऐकतं, विचार कोंकणीत करतं, कधी पाढे मराठीत म्हणतं आणि उत्तर परत इंग्रजीत जुळवून देतं. एवढा प्रवास एका सेकंदात कसा होणार? ज्याचं इंग्रजी घरातूनच आलं आहे तोच दरवेळी आधी हात वर करतो, आणि आपल्याला वाटतं गणित त्यालाच येतं. "आधी कोंकणीतून सांग, मग आपण इंग्रजीतून लिहूया" एवढं म्हणून बघा. "कळूंक ना टीचर" म्हणण्याची हिंमतसुद्धा मुलांना स्वतःच्या भाषेतच लवकर होते. हे काम घाई नसलेल्या, ऐकून घेणाऱ्या माणसाचं आहे. तुमचा स्वभाव इथे सरांच्या स्वभावापेक्षा उपयोगाचा ठरू शकतो, असं मी विचार करूनच लिहिते आहे.

इथवर बरं वाटलं असेल. आता त्या मागच्या दोन बाकांकडे वळते.

"मी तिकडे बघत नाही, कारण बघितलं तर काहीतरी बोलावं लागेल." टीचर, हा स्वभाव नव्हे. ही भीती आहे, आणि ती स्वभावाच्या आड उभी राहिली आहे. दोन्हींत फरक करायला एक साधी खूण आहे. अबोल माणूस गप्प असतो तेव्हा त्याला आतून स्वस्थ वाटतं. भ्यालेला माणूस गप्प असतो तेव्हा तास संपायची वाट बघत असतो. टेबलापाशी वही बघताना तुम्ही पहिल्या असता, आणि मागच्या बाकांकडे नजर जाऊ न देताना दुसऱ्या. पहिलीला हात लावायची गरज नाही. दुसरीचं मात्र काहीतरी करायलाच हवं, कारण तिची किंमत ते पाच-सहा मुलगे भरत आहेत. आपल्याकडे टीचर बघत नाही, याचा अर्थ त्यांनी कधीच लावून टाकलेला असणार: आपल्याकडून कुणाला काही अपेक्षा नाही.

तुम्हाला वाटतं, बघितलं की ओरडावं लागेल. जेकब कुनिन या मानसशास्त्रज्ञाने वर्गांची चित्रमुद्रणं बघून १९७० मध्ये जे लिहिलं ते तुमच्या फार कामाचं आहे. दंगा झाल्यावर शिक्षक काय बोलतो, किती रागावतो, यावरून चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांत फरक पडताना त्याला दिसला नाही. फरक पडत होता तो दंग्याच्या आधी. चांगल्या वर्गातल्या शिक्षकाला सगळ्या कोपऱ्यांत काय चाललंय याची खबर असायची, आणि त्याला खबर आहे हे मुलांना माहीत असायचं. म्हणजे काम नजरेचं आणि पावलांचं आहे.

तेव्हा उद्यापासून तास मागून सुरू करा. वर्गात शिरल्यावर टेबलाकडे जाऊ नका, सरळ मागच्या बाकांपर्यंत चालत जा आणि कालचा गृहपाठ तिथून बघायला लागा. उदाहरण फळ्यावर लिहून झालं की मुलं सोडवत असताना परत तिथेच जाऊन उभ्या राहा. काही बोलायचं नाही. एखाद्याच्या वहीवर बोट ठेवा, "इथपर्यंत बरोबर आहे" म्हणा आणि पुढे व्हा. पहिल्या आठवड्यात ते मुलगे चुळबुळतील, एखादा हसेल. हसू द्या, आणि तिथेच उभ्या राहा.

मग एकेकाला वेगळं गाठा. रिसेसमध्ये, व्हरांड्यात, दोनच मिनिटं. वर्गासमोर तुम्हाला जे जमत नाही ते एकट्या मुलाशी बोलताना जमतं, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्याला उपदेश करू नका. सातवीतलं एखादं उदाहरण हातात द्या आणि कुठे अडतो ते बघा. माझा अनुभव असा की, नववीच्या मागच्या बाकावरचं मूल बहुतेक वेळा सहावी-सातवीत कुठेतरी सुटलेलं असतं, अपूर्णांकांच्या भागाकारात किंवा ऋण संख्यांच्या वजाबाकीत. त्यानंतरची वर्षं ते येत नाही हे लपवण्यात जातात, आणि लपवायला दंगा बरा पडतो. हे एकदा सापडलं की तुम्हाला त्याच्यावर काय ओरडायचं हा प्रश्नच उरत नाही. त्याला काय शिकवायचं, हा उरतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला येतं.

कधी तरी ठाम बोलावंच लागेल, तेही सांगून ठेवते. त्यासाठी एक वाक्य घरीच ठरवून ठेवा, छोटं आणि सरळ. "मी शिकवताना हे चालणार नाही, वही उघड." एकदाच म्हणायचं, नाव घेऊन, त्याच्या जवळ जाऊन, खालच्या आवाजात. अबोल माणसं कोंडीत सापडली की कधी कधी एकदम टोचून बोलतात, आणि ते मुलांना ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. ते टाळायला ठरवलेलं वाक्य उपयोगी पडतं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे सदर वाचणाऱ्यांत तुमच्या उलट स्वभावाचे शिक्षकही आहेत. "मी तापटच आहे, पण मनात काही नसतं" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मनात नसेल, पण वर्गात असतं. स्वभाव म्हणून मुलांवर हात उगारायची किंवा त्यांना चारचौघांत उतरून बोलायची मुभा कुणालाच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि शाळांमधल्या मारावर गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्याने त्याच्याही आधी बंदी घातली होती. तापट माणसाला स्वतःचा राग ओळखून वागावं लागतं, तसं अबोल माणसाला स्वतःचं टाळणं ओळखून वागावं लागतं.

तुमच्या शांतपणाचा आणखी एक तोटा आहे, तो सासूबाईंनी तुम्हाला दाखवून दिला आहे. त्यांना वाटतं तुम्ही रागावला आहात. मुलांनाही तसंच वाटत असेल. मोठ्याने हसणाऱ्या, मोठ्याने रागावणाऱ्या सरांच्या मनात काय आहे ते पोरांना लगेच कळायचं. तुमच्या चेहऱ्यावरून कळत नाही, मग मुलं आपल्या मनाने भरून घेतात, आणि कमी आत्मविश्वासाचं मूल नेहमी वाईटच भरून घेतं. म्हणून जे मनात येतं ते थोडं जास्त बोलून दाखवा. "छान" एवढं पुरत नाही. "तू दोन्ही बाजूंना तीनने भागलंस, ते बरोबर सुचलं तुला" असं म्हणा. तोंडाने जमत नसेल तर वहीत लिहा. तांबड्या शाईने नुसत्या बरोबर-चूक खुणा करण्यापेक्षा वहीच्या तळाशी एक ओळ. रोज सगळ्यांना लिहायची गरज नाही. दिवसाला पाच वह्या घ्या, आठ-दहा दिवसांत वर्ग होतो. मुलं त्या ओळी घरी दाखवतात, आणि आया त्या पुन्हा पुन्हा वाचतात.

तुम्हाला सगळ्यांसाठी सगळं व्हायचं आहे, हे मला पत्रभर जाणवलं. आपल्याच मातीतलं एक उदाहरण देते. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगुबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या मोठ्या गायिका, दोघींनी गाण्याची विद्या घेतली ती अल्लादिया खाँसाहेबांकडून. पण शिकवण्याच्या बाबतीत दोघी दोन दिशांना. केसरबाईंचा स्वभाव करारी आणि मानी. त्यांची शिष्या म्हणून नाव घ्यायचं तर धोंडुताई कुलकर्णींचंच. मोगुबाईंकडे त्यांची लेक किशोरी आमोणकर शिकल्या, कमल तांबे शिकल्या, पद्मा तळवलकर शिकल्या. आणि मोगुबाई काही गोड गोड बोलून शिकवणाऱ्या नव्हत्या. आई स्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, दोनदा म्हणून दाखवायची, तिसऱ्यांदा नाही, असं किशोरीताईंनीच सांगितलेलं आहे. त्या दोनदात सगळं कान देऊन घ्यायला लागायचं. हा मोगुबाईंचा कडक, मितभाषी स्वभाव होता आणि त्यातून त्यांची शिकवण्याची रीत आली. तरी किशोरीताई एकट्या आईकडेच शिकल्या नाहीत. अंजनीबाई मालपेकरांकडे आणि आणखीही गुरूंकडे त्या शिकल्या. आईकडून जे मिळालं ते आईकडून, आणि जे दुसरीकडचं होतं ते दुसरीकडून.

तुमच्या वर्गातलं मूल दिवसभरात सहा-सात शिक्षकांच्या हाताखालून जातं. कुणी त्याला हसवतं, कुणी मैदानावर पळवतं, कुणी गोष्ट सांगतं. गणिताच्या तासाला त्याला एक शांत माणूस मिळाला, जो घाई करत नाही आणि वही नीट बघतो, तर त्याच्या वाट्याला काही कमी आलं असं मला वाटत नाही. लाजऱ्या मुलांसाठी तर तो तास दिवसातला सगळ्यात सोपा असतो. सरांच्या टाळ्यांच्या वर्गात एक-दोन मुलं तोंड न उघडता बसलेली असणारच. त्यांच्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

थोडं स्वभावाबाहेर जावं लागेल, हे खरं आहे, आणि त्यात खोटेपणा नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल स्वतः अंतर्मुख, पण विद्यापीठात त्यांची व्याख्यानं अतिशय रंगायची. त्यांचं म्हणणं असं की, ज्या कामावर आपला जीव आहे त्यासाठी माणूस आपल्या स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो. मात्र नंतर त्याला स्वतःच्या स्वभावात परत यायला जागा आणि वेळ लागतो, नाही तर तब्येत बिघडते. लिटल व्याख्यानानंतर एकांत शोधायचे. तुम्ही जूनमध्ये पूर्ण तास, रोज, दुसऱ्याच्या पद्धतीने काढलात, आणि मध्ये विसावा ठेवला नाहीत. घसा बसला नसता तरच नवल. त्याऐवजी तासाची पहिली पाच मिनिटं घ्या. तेवढ्यात आवाज थोडा चढवा, फळ्यावर एक कोडं लिहा, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोला. पुढचा तास तुमच्या पद्धतीने.

रिसेसला स्टाफरूममध्ये बसायलाच हवं असा नियम नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ग्रंथालयात बसा. घरी सासूबाईंना एकदा सरळ सांगा: "आई, शाळेतून आले की अर्धा तास मला गप्प बसू द्या, मग चहा घेऊन तुमच्यापाशी येते." न सांगता गप्प बसलं की राग वाटतो. सांगून बसलं की कुणाला काही वाटत नाही.

आवाजाचं मात्र शिकून घ्या. बारीक आवाज आणि न पोचणारा आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाक्याचा शेवट गिळू नका, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, लिहून झालं की वळा आणि मग बोला. गावात कुणी भजन शिकवणारे बुवा असतील तर श्वास कुठून घ्यायचा तेवढं त्यांच्याकडून समजून घ्या. आणि आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की कुणाचाच आवाज पुरत नाही. तेव्हा बोलायचा हट्ट धरू नका. उदाहरण फळ्यावर लिहा, मुलांना जोडीने सोडवायला लावा आणि तुम्ही बाकांमधून फिरा. घसा अजून ओढल्यासारखा वाटत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. शिक्षकांचे घसे दुर्लक्षानेच जातात.

राहिला प्रश्न हेडमास्तरांच्या भेटीचा. त्या दिवसासाठी खास पाठ बसवू नका. मुलांना लगेच कळतं, आणि तुम्ही पुन्हा जूनसारख्या दिसाल. त्यापेक्षा चवथीच्या सुटीआधीच त्यांच्या केबिनमध्ये जा आणि सांगा, "सर, तुम्ही म्हणालात ते मी मनावर घेतलं आहे. वर्गात जीव आणण्यासाठी मी दोन गोष्टी करते आहे: प्रश्नानंतर मुलांना वेळ देते, आणि मागच्या बाकांवर रोज जाते. तुम्ही बसाल तेव्हा एवढं बघाल का?" मग त्यांच्या हातात एक कोरा कागद द्या. तासभरात किती वेगवेगळी मुलं बोलली, त्यांतली मागच्या बाकांवरची किती, आणि प्रश्नानंतर तुम्ही किती थांबलात, एवढं त्यांनी टिपून ठेवावं अशी विनंती करा. त्यांची खुर्ची पुढे टेबलाशेजारी ठेवू नका, मागे ठेवा. तिथून त्यांना तुमच्यापेक्षा मुलांच्या वह्या जास्त दिसतील.

चांगले आहेत म्हणता, तर ते ऐकतील. पहिल्या खेपेला आकडा लहान आला तर कागद जपून ठेवा आणि नाताळच्या सुटीआधी त्यांना पुन्हा बसायला बोलवा.